सायकलची सीट किती उंच असावी? द्वारकेच्या रस्त्यावरून एक विचार

दिल्लीच्या नैर्ऋत्येला असलेल्या द्वारका उपनगरात सकाळी सहाच्या सुमारास दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात. पहिले असतात कामावर निघालेले: सोसायट्यांचे पहारेकरी, माळी, गवंडी, वर्तमानपत्रे टाकणारे आणि घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया. त्यांच्याकडे बहुधा जुन्या घडणीची, उंच चाकांची काळी सायकल असते. दुसरे असतात व्यायामासाठी बाहेर पडलेले. त्यांच्या सायकलींना गिअर असतात, डोक्यावर हेल्मेट असते आणि काहींच्या मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळही असते. या दोन वर्गांत फारसे संभाषण होत नाही. मात्र त्यांची एक तक्रार सारखीच आहे. बसायला त्रास होतो, गुडघा दुखतो, तासाभराने अंग बधिर होते.

या तक्रारीवर सर्वसाधारणपणे एकच उपाय योजला जातो, तो म्हणजे सीट बदलणे. दिल्लीत सीटला 'गद्दी' म्हणतात आणि गद्दी म्हटली की ती मऊ असावी, अशी सर्वांचीच समजूत असते. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा सीटच्या मऊपणात नसून तिच्या उंचीत, कलात आणि हँडलपासूनच्या अंतरात असतो. हा दोष दूर करण्यासाठी लागतो एक साधा पाना, मोजपट्टी, ओळंबा म्हणून दोऱ्याला बांधलेला एखादा नट आणि अर्ध्या तासाचा अवधी.

द्वारकेचे रस्ते आणि सायकल

दिल्ली विकास प्राधिकरणाने पप्पनकलां प्रकल्प म्हणून आखलेले हे उपनगर ५६४८ हेक्टरांवर पसरलेले आहे. सेक्टरांची आखणी सरळ आहे, रस्ते रुंद आहेत आणि जमीन बव्हंशी सपाट आहे. ३१ डिसेंबर २००५ रोजी बाराखंबा रोडपासून द्वारकेपर्यंत मेट्रो सुरू झाली आणि घरापासून स्थानकापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कसे कापायचे, हा प्रश्न अनेकांपुढे आला. सायकल हे त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये दिल्ली सरकारने आपला दुसरा 'कार-फ्री डे' द्वारकेतच साजरा केला होता.

येथील कामगाराला सायकल म्हणजे छंद नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०२० च्या टाळेबंदीत द्वारकेला लागूनच असलेल्या गुरुग्राममधून एका किशोरवयीन मुलीने जखमी वडिलांना कॅरिअरवर बसवून बिहारमधील दरभंग्यापर्यंत सुमारे १२०० किलोमीटर सायकल चालवली, ही बातमी वाचकांच्या स्मरणात असेल. इतका मोठा प्रवास सर्वांच्या वाट्याला येत नाही, पण रोजचा लहान प्रवासही गुडघ्याच्या हिशेबात मोठाच असतो.

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कामाची जागा घरापासून १० किलोमीटर आहे आणि वेग ताशी १२ किलोमीटर आहे, असे धरू. एका खेपेला ५० मिनिटे लागतात. मिनिटाला पायडलाचे ६० फेरे धरले, तर एका खेपेत प्रत्येक गुडघा ३००० वेळा वाकतो आणि सरळ होतो. जाऊन-येऊन ६००० वेळा. महिन्यात २५ दिवस कामाचे धरले, तर दीड लाख वेळा. चुकीच्या उंचीवर होणारा थोडासा अतिरिक्त ताणही दीड लाखांनी गुणला की दुखणे बनतो. ज्याचे काम दिवसभर उभे राहण्याचे किंवा ओझे उचलण्याचे आहे, त्याला हे दुखणे मजुरीलाच मुकवू शकते.

शरीराचा भार कुठे पडतो?

सायकलवर बसलेल्या माणसाचा भार तीन ठिकाणी वाटला जातो: सीट, पायडल आणि हँडल. या तिन्हींतील वाटणी बिघडली की कुठेतरी दुखू लागते. सीटवरचा भार ओटीपोटाच्या हाडांच्या खालच्या दोन उंचवट्यांनी पेलावा, अशी शरीराची रचना आहे. कडक लाकडी बाकावर ताठ बसले की जी दोन हाडे टोचतात, तीच ही बैठकीची हाडे. त्यांच्यामधल्या मऊ भागातून नाजूक नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तो भाग भार पेलण्यासाठी नाही.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीवर माणूस ताठ बसतो. हँडल उंच आणि अंगाजवळ असते. त्यामुळे शरीराचा बहुतेक भार बैठकीच्या हाडांवर येतो. म्हणूनच तिची सीट रुंद असते आणि तिच्याखाली जाड स्प्रिंगा असतात. लाकडी, लोखंडी चाकांच्या सायकलींना एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत 'हाडे खिळखिळी करणारी' असेच नाव पडले होते. १८६६ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे स्थापन झालेल्या ब्रुक्स कंपनीने पुढे ताणलेल्या चामड्याच्या सीट बनवल्या. हे चामडे झोळीसारखे ताणलेले असे आणि वापरणाऱ्याच्या हाडांनुसार त्याला हळूहळू आकार येई. भारतात वर्षानुवर्षे बनलेल्या सायकलींच्या सीट याच कुळातील होत.

शर्यतीच्या किंवा डोंगरी धाटणीच्या सायकलीवर स्वार पुढे झुकतो. काही भार हातांवर जातो आणि ओटीपोट पुढे कलते. अशा बैठकीला रुंद सीट अडचणीची ठरते, कारण तिच्या कडा मांड्यांना घासतात. तेथे अरुंद सीट हवी. म्हणजेच सीट चांगली की वाईट, हे ती कोणत्या बैठकीसाठी वापरली जाते यावर ठरते. काळ्या सायकलीवर शर्यतीची सीट लावणे जितके चुकीचे, तितकेच पुढे झुकून चालवायच्या सायकलीवर गादीसारखी रुंद सीट लावणेही.

भीतीने ठरलेली उंची

द्वारकेतील कोणत्याही मोठ्या चौकात लाल दिव्याजवळ पाच मिनिटे उभे राहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक सायकलस्वार सीटवर बसूनच दोन्ही पाय जमिनीवर टेकवतात. त्यांची सीट त्याच उंचीवर बसवलेली असते. सायकल विकत घेतानाही दुकानदार गिऱ्हाइकाला बसवतो, पाय जमिनीला पुरतात का ते पाहतो आणि तिथेच नट आवळतो.

ही उंची पायडल मारण्यासाठी योग्य नसते. कारण साधे आहे. पायडल सर्वांत खाली असतानाही जमिनीपासून साधारण १० ते १२ सेंटिमीटर वर असते. जो पाय सीटवरून थेट जमिनीला सपाट टेकतो, तो त्याहून वर असलेल्या पायडलावर पुरेसा सरळ होऊच शकत नाही. गुडघा प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा अधिक वाकलेला राहतो. वाकलेल्या गुडघ्याने जोर लावला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. दुखणे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला सुरू होते. शिवाय मांडीचे स्नायू लवकर थकतात, पायडलावर उभे राहता येत नाही आणि सारा भार सीटवरच राहतो. म्हणजे सीट टोचते तीही बरेचदा ती खाली असल्यामुळेच.

मग स्वार ती वर का करत नाही? त्याचे उत्तर रस्त्यात आहे. मागून येणारी बस, अचानक डावीकडे वळणारी मोटार, चौकात कमी पडणारा वेळ यांमुळे पाय चटकन टेकता यावा, असे त्याला वाटते. ही भीती अनाठायी नाही. मात्र तिची किंमत गुडघा चुकवतो.

यावर एक जुनी रीत आहे. थांबताना सीटवर बसून राहू नये. ब्रेक दाबतानाच पुढे सरकून सीटवरून उतरावे, एक पाय पायडलावर ठेवावा आणि दुसरा जमिनीवर टेकवावा. निघताना वरच्या पायडलावर जोर देऊन सायकल चालू करावी आणि मग सीटवर बसावे. गावाकडे मोठ्यांच्या सायकलीवर शिकलेल्या पिढीला ही रीत आपोआप येत असे, कारण तेव्हा पाय जमिनीला पुरतच नसत. आजही एखाद्या मोकळ्या मैदानात अर्ध्या तासाच्या सरावाने ती जमते. ती अंगवळणी पडली की सीट उंच करण्याची भीती राहत नाही.

उंची कशी मोजावी?

पहिली पद्धत टाचेची. सायकल भिंतीलगत उभी करून तिच्यावर बसावे. रोज वापरतो तेच बूट किंवा चपला पायात असाव्यात. एक पायडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा पायडलावर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहील. हीच चालवण्याची स्थिती होय. टाच टेकवण्यासाठी कंबर एका बाजूला झुकवावी लागली, तर सीट फार उंच आहे असे समजावे.

दुसरी पद्धत मापाची. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणावे. जे उत्तर येईल, तितके अंतर पायडलांचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटखालच्या नळीच्या रेषेत, असावे. तीन वेळा तूर द फ्रान्स जिंकणारे अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. पायाचे माप ८० सेंटिमीटर असेल, तर हे अंतर सुमारे ७०.६ सेंटिमीटर येते.

त्याहून जुनी पद्धत १९६७ मधील संशोधनातून आली. तीनुसार सर्वांत खाली असलेल्या पायडलाच्या आसापासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या मापाच्या १०९ टक्के असावे. ८० सेंटिमीटरच्या पायाला ते ८७.२ येते. त्यातून पायडलाच्या दांड्याची नेहमीची १७ सेंटिमीटर लांबी वजा केली की ७०.२ उरतात. दोन्ही पद्धतींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही कमी फरक पडतो. भौतिकोपचारतज्ज्ञ कोन मोजून हेच पाहतात: पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्याचा वाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा.

ही मापे आरंभापुरती आहेत. जाड तळव्याचे बूट, थंडीतील जाड कपडे, सीटचा दबणारा फोम यांमुळे थोडा फरक पडतो. वर्षानुवर्षे खाली बसण्याची सवय असलेल्याने सीट एकदम चार बोटे वर करू नये. दर तीन-चार दिवसांनी अर्धा सेंटिमीटर वाढवत जावे. सीटच्या दांडीवर किमान खोलीची खूण असते. ती खूण नळीच्या बाहेर दिसता कामा नये. अन्यथा दांडी वाकण्याचा किंवा तुटण्याचा धोका असतो. दांडी तोकडी पडत असेल, तर लांब दांडी बसवून घ्यावी.

नवशिके, वयस्क स्वार आणि मागे सिलिंडर किंवा दुधाचे कॅन बांधून नेणारे यांनी सीट या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवली तर ते समजण्यासारखे आहे. जड ओझ्यासह तोल सावरणे त्यांना अधिक गरजेचे असते. मात्र ती तडजोड जाणून केलेली असावी.

कल आणि अंतर

उंचीनंतर सीटचा कल पाहावा. सीट जमिनीला समांतर असावी. एखादी वही तिच्यावर आडवी ठेवून हे तपासता येते. पुढचे निमुळते टोक वर उचललेले असेल, तर दोन हाडांमधल्या मऊ भागावर दाब येतो. ते फार खाली असेल, तर शरीर पुढे घसरत राहते आणि ते सावरताना मनगटे व खांदे भरून येतात.

त्यानंतर सीट पुढे-मागे सरकवण्याचा प्रश्न येतो. दोन्ही पायडले एका आडव्या रेषेत आणून पुढच्या पायाच्या वाटीखालील हाडापासून ओळंबा सोडावा. तो पायडलाच्या आसाजवळून गेला, तर आरंभ ठीक आहे. हा काटेकोर नियम नव्हे, पण सीट फार पुढे असेल तर ती चूक यातून कळते.

शेवटी हँडल. शहरात रोजच्या वापरासाठी ते सीटच्या पातळीत किंवा तिच्याहून थोडे वर असावे. कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. हात ताठ ताणावे लागत असतील, तर पाठीला आणि मानेला त्रास होणारच.

मऊ गादीचा गैरसमज

दिल्लीतील झंडेवालान येथे सायकलींचा मोठा बाजार आहे आणि द्वारकेहून तेथे मेट्रोच्या ब्लू लाइनने थेट जाता येते. तेथील दुकानांत जेल भरलेल्या, अंगठ्याने दाबताच खोल जाणाऱ्या सीट आणि कव्हरे टांगलेली दिसतात. दुकानात पाच मिनिटे बसून पाहिले की त्या उत्तम वाटतात.

तासाभरानंतर अनुभव बदलतो. हाडे मऊ थरात रुततात आणि तळाशी टेकतात. दबलेला थर मधोमध वर येतो आणि जेथे दाब नको, नेमका तेथेच दाबतो. म्हणून लांब अंतरासाठी पुरेशी कडक, पण योग्य रुंदीची सीट अधिक सुखाची ठरते. रुंदी पाहण्यासाठी पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून बसावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतील अंतर हेच हाडांमधील अंतर. सीटचा सपाट भाग त्याहून थोडा रुंद हवा. सरासरीने स्त्रियांमध्ये हे अंतर पुरुषांपेक्षा अधिक असते, त्यामुळे घरातील दोघांनी एकच सायकल वापरल्यास एकाची सीट दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

दिल्लीच्या उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. उन्हात तापलेल्या काळ्या रेक्झिनवर घामाने ओले कपडे घासले की कातडी सोलवटते आणि पुढे तेथे गळू होते. सीटवर सुती कापडाचे आवरण, जाड शिवण नसलेले कपडे आणि घरी पोहोचताच स्नान, हे साधे उपाय उपयोगी पडतात.

बधिरपणा दुर्लक्षू नये

सायकल चालवताना किंवा उतरल्यावर जननेंद्रियांच्या भागात बधिरपणा येतो, ही गोष्ट संकोचाने बोलली जात नाही. ती थकव्याची खूण नसून नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब पडल्याची खूण आहे. सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा याबाबत अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांना पुढचे टोक नसलेल्या सीट सहा महिने वापरायला दिल्यानंतर, बधिरपणा न आलेल्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले.

प्रत्येकाने अशी सीट घ्यावी असा याचा अर्थ नाही. आधी कल आणि उंची तपासावी, मध्ये खाच असलेली सीट वापरून पाहावी आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पायडलावर उभे राहावे. स्त्रियांनाही हा त्रास होतो आणि त्यांनीही तो सोसत राहू नये. बधिरपणा उतरल्यानंतरही टिकून राहिला, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

दुखणे काय सांगते?

गुडघा पुढून दुखत असेल, तर सीट खाली किंवा फार पुढे आहे. गुडघ्याच्या मागे ताण येत असेल, तर ती फार उंच किंवा फार मागे असू शकते. कंबर दोन्ही बाजूंना डुलत असेल, तर ती नक्कीच उंच आहे. तळहात बधिर होत असतील, तर हँडल दूर किंवा खाली आहे, अथवा सीट पुढे कललेली आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन दिवस चालवून पाहावे. सर्व नट एकदम सैल केले, तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

मुलांच्या बाबतीत पालकांनी अधिक लक्ष द्यावे. 'पुढे कामाला येईल' म्हणून मोठी सायकल घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. काटकसर म्हणून ती समजू शकते, पण दांडीवर ओठंगून पायडल मारणारे मूल तोल आणि ब्रेक या दोन्हींवरचा ताबा गमावते. आणि योग्य मापाची सायकल असली, तरी वाढत्या मुलाची सीट दर तीन-चार महिन्यांनी तपासावी लागते.

डॉक्टर सायकलपटूंचे उदाहरण

'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जगातील कठीण शर्यतींपैकी एक मानली जाते. नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने, १२ दिवसांच्या मर्यादेत पूर्ण केली. हे चौघेही डॉक्टर आहेत. अशा शर्यतीत दिवसाचे वीस-वीस तास सीटवर जातात. तेथे काही मिलिमीटरचा फरकही शर्यत सोडायला लावू शकतो, म्हणून सायकलपटू आपली बैठक तज्ज्ञांकडून मोजून घेतात आणि मापे लिहून ठेवतात.

द्वारकेच्या पहारेकऱ्यासाठी असे कोणी मोजमाप करत नाही. त्याची सायकल बरेचदा दुसऱ्याने वापरून विकलेली असते, सीट आधीच्या मालकाच्या उंचीवर असते आणि नट गंजून बसलेला असतो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे तेलाचे दोन थेंब आणि पाना मिळतोच. सोसायटीतील ज्यांना सायकलीचे हे शास्त्र ठाऊक आहे, त्यांनी फाटकावरच्या माणसाला टाचेची पद्धत दाखवली, तर एका सकाळचे काम आहे.

अर्थात सारे काही पान्याने साधत नाही. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या बीआरटी मार्गावर २००८ मध्ये सायकलींसाठी वेगळी मार्गिका केली गेली होती. २०१६ मध्ये तो मार्गच मोडीत काढला गेला. सुरक्षित मार्गिका असेल, चौकात सायकलला आधी निघण्याची संधी असेल, तर स्वार पाय टेकण्याच्या धास्तीने सीट खाली ठेवणार नाही. रस्ता बदलायला वर्षे लागतात. सीटचा नट मात्र आज सकाळीच सैल करून, दोन बोटे वर घेऊन, पुन्हा घट्ट आवळता येतो.